आधी माणूस, मग मीटर

रविवार. सकाळचे सव्वासात. पुण्यातली निम्मी जनता गाढ झोपेत आणि उरलेली ‘वैशाली’च्या रांगेत. आणि मी? मी शहराबाहेरच्या एका मैदानात पाठीवर आडवी पडले होते. डाव्या मांडीवर बिटाचा रस, केसांपासून बुटांपर्यंत टाल्कम पावडर आणि गळ्यात एक कार्ड. त्यावर स्केचपेनने लिहिलेलं : ‘मांडीला खोल जखम. रक्तस्राव चालू. कपड्यांवर किरणोत्सारी धूळ. शुद्धीवर आहे.’

घाबरू नका. मॉक ड्रिल होतं. आदल्या रात्री मैत्रिणीचा फोन आला होता, ‘‘पेशंट कमी पडतायत गं, येतेस? ब्रेकफास्ट फ्री.’’ फ्रीलान्स जर्नलिस्टला पोहे आणि स्टोरी एकाच ठिकाणी मिळत असतील तर ती नाही म्हणते होय?

ड्रिलची गोष्ट अशी होती : भंगाराच्या गोदामात सिलिंडर फुटतो. भंगारात चुकून आलेलं एक किरणोत्सारी यंत्र त्यात फुटतं. धूळ सगळीकडे उडते. तीस जण जखमी, आणि शंभर जण नुसतेच घाबरलेले.

मला स्ट्रेचरवरून तंबूपाशी नेलं. दारात पांढऱ्या सुटातला एक कॉलेजकुमार हातात मीटर घेऊन उभा. ड्रिलपुरता मीटरच्या आवाजाचाही बंदोबस्त केलेला. टक... टक... टकटकटकटक! तो चक्क दोन पावलं मागे सरकला.

‘‘मॅडम, तुम्ही आधी तिकडे. शॉवरच्या लाइनीत.’’

‘‘मला चालता येत नाहीये,’’ मी कार्ड पुढे केलं.

‘‘मग स्ट्रेचर तिकडे घ्या. असं आत नाही घेता येणार.’’

तेवढ्यात आतून एक डॉक्टरबाई आल्या. साठी ओलांडलेल्या, केस बारीक कापलेले, लष्करातून निवृत्त. त्यांनी मीटरकडे बघितलंच नाही. कार्ड वाचलं, ग्लोव्हज घातलेले दोन्ही हात माझ्या मांडीवर दाबले आणि त्या मुलाला विचारलं, ‘‘हिचं रक्त किती वेळ वाहतंय?’’

‘‘मॅडम, पण मीटर...’’

‘‘मीटर पळून जात नाही. रक्त जातंय. मांडीची मोठी रक्तवाहिनी फाटली तर माणूस काही मिनिटांत जातो. धुळीने कुणी काही मिनिटांत जात नाही. आधी माणूस, मग मीटर. काय?’’

मुलगा ओशाळला. मला हसू आलं. पण ते फार टिकलं नाही. कारण पाच वर्षांपूर्वी आमच्या घराच्या दारात मी नेमकी तशीच उभी होते. माझ्या हातात मीटर नव्हता, गूगल होतं. आणि समोर माझी मावशी होती.

ऊन आणि रंगपंचमी

मावशीला स्तनाचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, केमो झाली, मग रेडिएशन सुरू झालं. सोमवार ते शुक्रवार, रोज काही मिनिटं मशिनखाली. त्याच आठवड्यांत वहिनीचं डोहाळजेवण ठरलं. ओटी मावशीनेच भरायची, हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं. आणि मी, मासकॉमची डिग्रीवाली, घरातली ऑफिशियल हुशार मुलगी, मी आईला बाजूला घेऊन म्हटलं, ‘‘रेडिएशन चालू आहे तिचं. वहिनीच्या पोटात बाळ आहे. रिस्क कशाला घ्यायची?’’

आईने मावशीला कसं सांगितलं मला माहीत नाही. संध्याकाळी मावशीचाच फोन आला. ‘‘मला फार थकवा आहे गं, मी नाही येत. साडी पाठवते.’’ मला हायसं वाटलं होतं. हे लिहायला आज जड जातंय, पण वाटलं होतं खरं.

ड्रिल संपल्यावर, कागदी कपातला चहा घेताना, मी डॉक्टरबाईंना ही गोष्ट सांगितली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘‘तू उन्हात करपलीस तर अंधारात चमकतेस का?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि रंगपंचमीला रंगून घरी आलीस तर?’’

‘‘सोफा रंगतो. आई ओरडते.’’

‘‘संपलं. एवढंच शिकायचं असतं.’’

फंडा एकदम क्लीअर! किरणं अंगावर पडणं म्हणजे ऊन. उन्हाने कातडी करपेल, त्रास होईल, पण तुम्ही स्वतः ऊन होत नाही. तुमच्याजवळ बसणाऱ्याला चटका बसत नाही. छातीचा एक्स-रे काढून आलेला माणूस किंवा बाहेरच्या मशिनने रेडिएशन घेणारा कॅन्सरचा पेशंट या गटातला. तो कुणाच्याही शेजारी बसू शकतो, कुणाचीही ओटी भरू शकतो.

किरणोत्सारी धूळ अंगावर असणं म्हणजे रंगपंचमी. ती कपड्यांना, केसांना, हातांना लागते, दुसऱ्याला लागू शकते, तोंडावाटे पोटात जाऊ शकते. पण रंग धुता येतो. नुसते वरचे कपडे उतरवले तरी सुमारे ९० टक्के धूळ जाते. कपडे झटकायचे नाहीत, अलगद उतरवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून लांब ठेवायचे. मग कोमट पाणी आणि साधा साबण. खसाखसा घासायचं नाही, कारण कातडी सोलली तर धुळीला आत जायला वाट मिळते. केसांना शाम्पू चालेल, पण मैत्रिणींनो, कंडिशनर नाही! तो धुळीला केसांशी चिकटवून ठेवतो.

(एक अपवाद मात्र आहे. थायरॉइडच्या काही आजारांत किरणोत्सारी आयोडिन पोटात देतात. ते पेशंट काही दिवस खरंच थोडे किरणोत्सारी असतात आणि डॉक्टर त्यांना अंतर पाळायला सांगतात. ते अंतर डॉक्टरने ठरवायचं असतं, घरातल्या हुशार मुलीने नाही.)

निवडायचं म्हणजे काय?

अपघातात पेशंटची अशी वर्गवारी करण्याला ‘ट्रायाज’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ मात्र आपल्या स्वयंपाकघरातला : निवडणं. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन डॉमिनिक लारे याचं नाव त्यासाठी घेतात. जखमी सैनिकाचा हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची, हा त्याचा नियम. लाल कार्ड म्हणजे आत्ता, पिवळं म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवं म्हणजे चालतोय-बोलतोय, काळं म्हणजे गेला किंवा हाताबाहेर गेला.

किरणोत्साराच्या अपघातातही नियम हाच. श्वास, रक्तस्राव, भाजणं, मोडलेली हाडं हे आधी. मीटर नंतर. ग्लोव्हज, मास्क, गाऊन घातलेल्या डॉक्टरला अशा पेशंटपासून असणारा धोका सहसा फार कमी असतो. पेशंटला दारात अडवण्याचा धोका मात्र मोठा असतो. जपानमध्ये हे घडलंय. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाचा अणुप्रकल्प बिघडला, तेव्हा जवळच्या फुताबा हॉस्पिटलमधल्या आणि वृद्धाश्रमातल्या अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना घाईघाईने बसमध्ये घातलं. आधी किरणोत्साराची तपासणी, मग लांबचा प्रवास, कित्येक तास बसमध्ये, औषध-पाण्याची नीट सोय नाही. त्या स्थलांतरात आणि त्यानंतर लगेच ५० हून जास्त पेशंट दगावले. किरणोत्सारामुळे होणारा तीव्र आजार मात्र त्या अपघातात एकालाही झाला नाही.

हा तपशील डॉक्टरबाईंनी अगदी सपाट आवाजात सांगितला. माझा चहा गार झाला होता.

‘‘मग रेडिएशन किती लागलं ते कसं कळतं? मीटरवर?’’ मी विचारलं.

‘‘मीटर अंगावरची धूळ सांगतो. शरीराने किती किरणं खाल्ली ते शरीरच सांगतं. घड्याळ लागतं त्याला.’’

म्हणजे असं. संपूर्ण शरीराला मोठा डोस बसला तर उलटी होते. किती वेळात झाली, ते लिहून ठेवायचं. तासाभराच्या आत झाली तर डोस गंभीर असू शकतो. दोन तासांनंतर झाली किंवा झालीच नाही, तर बहुधा कमी. मग रक्ताची साधी सीबीसी, जी आपण ताप आला की कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये करतो तीच. फक्त एकदा नाही, दर काही तासांनी पुन्हा पुन्हा. रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जितक्या वेगाने कमी होतात, तितका डोस मोठा. इतक्या भारी विषयात सगळ्यात कामाची गोष्ट काय, तर घड्याळ, वही आणि सीबीसी!

गंमत म्हणजे (गंमत कसली, भीतीच) उलट्या थांबल्यावर पेशंटला एकदम बरं वाटायला लागतं. काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे. तो म्हणतो, मी जातो घरी. आणि आतमध्ये अस्थिमज्जा नव्या पेशी बनवायची बंद झालेली असते. म्हणून इथे हिरव्या कार्डाचा अर्थ ‘टाटा बाय-बाय’ असा नाही. नाव, फोन नंबर, उलटीची वेळ, आणि उद्या परत रक्त द्यायला या.

आणि गोळ्या? आयोडिनच्या गोळीबद्दल व्हॉट्सॲपवर तुम्हीही वाचलं असेल. ती फक्त थायरॉइडला, फक्त किरणोत्सारी आयोडिनपासून आणि वेळेवर घेतली तरच वाचवते. कोबाल्ट किंवा सीझियमपुढे तिचा काही उपयोग नाही. २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी घाबरून आयोडिनयुक्त मिठाची दुकानं रिकामी केली होती. त्याने रक्तदाब वाढला असेल तर असेल!

हे आपल्याला कशाला?

हिंजवडीत, खराडीत बसून कोड लिहिणाऱ्याने या सगळ्याचं काय करायचं? मलाही तेच वाटलं होतं. तारापूरचा अणुप्रकल्प १९६९ पासून चालू आहे, पण तो पार पालघरकडे. आपल्या इथे सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, दापोडीच्या सीएमईमध्ये लष्कराला आण्विक हल्ल्यापासून बचावाचं प्रशिक्षण मिळतं. म्हणजे बघायला माणसं आहेत की!

पण एक सांगते. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांमध्ये कोबाल्ट-६० सापडलं. बटणं बनवणाऱ्या कारखान्यातल्या २० कामगारांना १ ते ३ मिलिसीव्हर्ट डोस बसल्याचं निघालं. एवढ्याने माणूस आजारी पडत नाही, पण सामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादाच १ आहे. त्या स्टीलचा माग काढत काढत तपास आला कुठे? खोपोलीला. आपण मुंबईला जाताना घाट उतरलो की लागतं, त्याच खोपोलीला. कुठलातरी किरणोत्सारी तुकडा भंगारात आला, वितळला आणि लिफ्टचं बटण होऊन युरोपात पोचला.

दोनच वर्षांनी, एप्रिल २०१० मध्ये, दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काही कामगार आजारी पडले. जुलाब, उलट्या, केस गळणं, कातडी काळी पडणं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, १९८५ पासून पडून असलेलं गॅमा किरणांचं एक यंत्र त्या वर्षी फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं होतं. त्याचे तुकडे करताना आतलं कोबाल्ट-६० बाहेर आलं. एकाने चमकणारा छोटा तुकडा पाकिटात ठेवला, पाकीट पँटच्या मागच्या खिशात. आठ जण हॉस्पिटलमध्ये गेले, एक दगावला.

त्यातल्या कुणाच्याही गळ्यात माझ्यासारखं कार्ड नव्हतं. मीटर, तंबू, पांढरे सूट, काही नव्हतं. होता तो फक्त ओपीडीतला एक डॉक्टर, समोर केस गळलेला आणि हात काळे पडलेला माणूस, आणि विचारला किंवा न विचारलेला एक साधा प्रश्न : काम काय करतोस?

म्हणून हे आपल्याला. चाकण-भोसरीसारख्या पट्ट्यांत वेल्डिंग तपासायला किरणोत्सारी इरिडियम वापरतात, कॅन्सर हॉस्पिटलांत औषधोपचारासाठी असे स्रोत असतात. ते नियमांत बांधलेले, कुलूपबंद असतात आणि एरवी आपल्याला त्यांचा काही त्रास नसतो. पण एखादा हरवलाच, तर त्याच्या पहिल्या पेशंटला पहिल्यांदा भेटणारा माणूस एनडीआरएफचा नसणार. तो कोपऱ्यावरचा जीपी असेल, नर्स असेल, रिक्षावाला असेल. किंवा सोसायटीच्या गेटवर उभे असलेले तुम्ही-आम्ही.

आणि गेटवर आपण कसे वागतो, ते २०२० मध्ये बघितलंच आहे आपण.

पाच हजार उलट्या

डॉक्टरबाईंनी शेवटी ब्राझीलमधल्या गोयानिया शहराची गोष्ट सांगितली. सप्टेंबर १९८७. बंद पडलेल्या दवाखान्यातून भंगारवाल्यांनी रेडिएशनचं मशिन पळवलं. आतली सीझियमची पावडर अंधारात निळी चमकायची. लोकांनी ती घरी नेली, नातेवाइकांना वाटली, अंगाला लावली. चार जण गेले, त्यात एक सहा वर्षांची मुलगी.

मग सगळं शहर घाबरलं. फुटबॉलच्या स्टेडियममध्ये १ लाख १२ हजारांहून जास्त लोकांची तपासणी झाली. त्यांत खरोखर धूळ लागलेले निघाले २४९. पण पहिल्या ६० हजारांपैकी सुमारे ५ हजार जणांना उलट्या, जुलाब, अंगावर चट्टे अशी लक्षणं होती. खरी लक्षणं, नाटक नव्हे. भीतीनेही उलटी होते! ट्रायाज करणाऱ्याला हे दोन्ही निवडावं लागतं : किरणांची उलटी कुठली आणि काळजीची कुठली. म्हणून घड्याळ, म्हणून सीबीसी. आणि म्हणून घाबरलेल्या माणसासाठी एक वेगळी खुर्ची, पाणी आणि बोलायला कुणीतरी. ‘तुम्हाला काही झालेलं नाही, निघा’ हे उत्तर नव्हे.

त्या सहा वर्षांच्या मुलीला पुरायला नेलं तेव्हा लोक दफन रोखायला जमले होते. पुढे कितीतरी दिवस गोयानियाच्या माणसांना बाहेरगावच्या हॉटेलात खोली मिळेना. लोक खिशात ‘आम्ही स्वच्छ आहोत’ अशी सरकारी प्रमाणपत्रं घेऊन फिरत होते.

‘‘धूळ साबणाने जाते,’’ डॉक्टरबाई कप चुरगळत म्हणाल्या. ‘‘हे नाही जात. यासाठी मी रविवारी सकाळी उठून येते. पोह्यांसाठी नाही.’’

ओटी

पावडरीने पांढरे झालेले केस घेऊन मी तशीच टू-व्हीलरवरून सहकारनगरला गेले. मावशीने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘‘काय गं, पिठाच्या गिरणीत पडलीस?’’

मावशी आता ठणठणीत आहे. दर वर्षी तपासणी होते, सकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढते, आणि दादाची लेक तिच्याशिवाय कुणाच्या हातून जेवत नाही.

मी सोफ्यावर न बसता (पावडर!) उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ऊन, रंगपंचमी, डोहाळजेवण. ‘‘तू येऊ नकोस असं आईला मी सांगितलं होतं. चुकीचं होतं ते. बाळाला काहीही होणार नव्हतं.’’

मावशी चहाचं आधण ठेवत होती. वळलीही नाही. ‘‘मला माहीत होतं.’’

‘‘काय?’’

‘‘डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी. सूनबाई पोटुशी आहे घरात, म्हटलं. ते म्हणाले, खुशाल जा, मांडीवर तान्हं बाळ घेतलंत तरी चालेल.’’

‘‘मग आली का नाहीस?’’

‘‘तुम्ही सगळे घाबरला होतात ना. मी ओटी भरत असताना तुम्ही श्वास रोखून बसणार. त्या पोरीचं कौतुक राहिलं असतं बाजूला.’’ तिने आलं किसलं, गॅस बारीक केला. ‘‘साडी आवडली होती ना तिला?’’

म्हणजे त्या दिवशी आमच्या घरात ट्रायाज केलं होतं ते मावशीने. कुणाला काय झालंय, हे तिने बरोबर ओळखलं होतं. स्वतःला कार्ड मात्र तिने शेवटचं दिलं.

मला काही बोलता येईना. मी पुढे झाले तर ती हातातला चमचा रोखून म्हणाली, ‘‘लांब! आधी आंघोळ कर. नवीन गाऊन आहे माझा.’’

मग तीच पुढे आली. गाऊनला पावडर लागायची ती लागलीच.